दुकानाच्या संगणकाचे कुलूप स्वतः घडवावे काय?

उल्हासनगरच्या गजानन मार्केटात किंवा जपानी बाजारात ज्यांचे दुकान आहे, त्यांचा माल कधीच एका जागी नसतो. कापड एका गाळ्यात, शिलाई दुसऱ्या कॅम्पात, काज-बटण तिसरीकडे, तयार जीन्सचे गठ्ठे अंबरनाथच्या गोदामात आणि मालकाचे बिऱ्हाड बदलापुरात. पूर्वी रात्री मुनीमाला फोन करून शिल्लक विचारली जाई. आता गोदामात संगणक आहे, दुकानात आहे, आणि मालकाला जेवणानंतर घरी बसून स्टॉक पाहायचा असतो. गरज रास्त आहे. प्रश्न आहे तो दरवाजाचा.

बहुतेक ठिकाणी हा दरवाजा संगणक दुरुस्तीवाला उघडून देतो. विंडोजची रिमोट डेस्कटॉपची सोय चालू करायची, राउटरमधून तिला थेट इंटरनेटवर वाट करून द्यायची, आणि पासवर्ड म्हणून दुकानाचे नाव व पुढे साल. माझ्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने असेच केले होते. एका सकाळी दुकान उघडले तर हिशेबाची एकही फाईल उघडेना. पडद्यावर चिठ्ठी, इतके पैसे द्या, मग किल्ली मिळेल. पैसे त्याने दिले नाहीत. मात्र सीझनची सारी उधारी त्या वह्यांत होती. बिलबुकाच्या कार्बन कॉपीवरून त्याने दोन महिने बसून हिशेब पुन्हा उभा केला. काही गिऱ्हाइकांनी न मागता रक्कम सांगितली, काहींनी ‘कागद दाखवा’ म्हटले. ज्यांचा कागद सापडला नाही ते पैसे गेले. त्यानंतर मी या विषयात लक्ष घातले. मी संगणक शिकलेला माणूस नाही, कापडवाला आहे. जे स्वतः करून पाहिले व जाणकाराकडून तपासून घेतले, तेवढेच येथे लिहितो. आज्ञांची नावे नागरीत दिली आहेत, मशीनवर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करावीत.

दूरच्या संगणकावर शिरण्याची कल्पना नवी नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी स्वस्त खाते घेणाऱ्याला चित्रे दिसत नसत, नुसती अक्षरे दिसत. त्या जमान्यात दुसऱ्या संगणकावर जायचे तर ‘टेलनेट’ वापरीत. टेलनेटमध्ये तुमचे नाव आणि पासवर्ड तारेवरून उघडे जातात. वाटेत कोणी कान लावून बसला तर त्याला सारे वाचता येते. त्याच १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच रीतीने पासवर्ड चोरले गेले. तेथील तातू उलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून नवा प्रोग्राम लिहिला. त्याचे नाव सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच. फाईल पाठवण्याच्या एफटीपीचा दरवाजा क्रमांक २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो उलोनेन यांनी मागून घेतला. आजही एसएसएच २२ क्रमांकावरच बसते.

पुढे उलोनेन यांनी कंपनी काढली व नव्या आवृत्त्यांवर बंधने आली. तेव्हा ओपनबीएसडी नावाची यंत्रणा बनवणाऱ्या मंडळींनी जुनी मोकळी आवृत्ती उचलली, साफ केली आणि डिसेंबर १९९९ मध्ये ‘ओपनएसएसएच’ नावाने दिली. आज लिनक्सच्या जवळपास प्रत्येक मशीनवर हीच असते. विंडोज १० मध्येही २०१८ पासून तिचा ग्राहकाकडचा भाग तयारच येतो. किंमत काही नाही आणि मूळ लिखाण कोणालाही वाचायला खुले आहे.

आता कुलूप-किल्लीचे काम कसे चालते ते पाहू. पासवर्डऐवजी येथे किल्ल्यांची जोडी असते, एक खाजगी व एक जाहीर. जुन्या काळी सरदाराच्या बोटात मोहोरेची अंगठी असे. तो कागदावर ठसा उमटवून देई, अंगठी कोणाला देत नसे. ठसा ओळखणाऱ्याला कागद खरा की खोटा हे कळे. खाजगी किल्ली म्हणजे अंगठी. ती तुमच्या मशीनवरच राहते, तारेवरून कधी जात नाही. जाहीर किल्ली म्हणजे ठशाचा नमुना, तो गोदामाच्या मशीनवर ठेवायचा. तुम्ही शिरू लागलात की दोन्ही मशीनमध्ये त्या वेळेपुरता नवा करार होतो, तुमचे मशीन त्यावर ठसा उमटवते, गोदामाचे मशीन तो नमुन्याशी ताडून पाहते. दर वेळी करार नवा, म्हणून कालचा ठसा चोरून आज चालत नाही. पासवर्ड हजार वेळा ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्याला येथे ओळखण्यासारखे काही उरतच नाही.

मग मूळ लेखनापासून, म्हणजे सोर्स कोडपासून, हे कुलूप स्वतः घडवण्याची खटपट कशासाठी? माझे स्पष्ट मत आधीच सांगतो. दहांपैकी नऊ दुकानांना याची गरज नाही. उबुंटू किंवा डेबियनची चालू आवृत्ती असेल तर तिच्याबरोबर तयार ओपनएसएसएच मिळते आणि दुरुस्त्या आपोआप येत राहतात. रेडिमेड शर्ट अंगाला बसत असेल तर शिंप्याकडे जाऊ नये. पण काही ठिकाणी मशीन जुन्या लिनक्सला बांधलेले असते. जुना बारकोड प्रिंटर नव्यावर चालत नाही, किंवा कोणी करून दिलेला स्टॉकचा प्रोग्राम नव्यावर उठत नाही. उदाहरणार्थ उबुंटू १८.०४ ची नेहमीची साथ २०२३ मध्ये संपली. तिच्यातले ओपनएसएसएच ७.६ आहे. अशा मशीनला कायम बाहेरचे तोंड द्यायचे असेल तर निदान दरवाजाचे कुलूप नवे हवे. हा तात्पुरता इलाज आहे हे मात्र विसरू नये. दार नवे आणि भिंत जुनी अशी ती स्थिती असते.

पहिले काम म्हणजे माल आणणे. ओपनएसएसएच डॉट कॉम येथून ‘पोर्टेबल’ आवृत्तीचा गठ्ठा घ्यावा. तिच्या क्रमांकात पी हे अक्षर असते, जसे ९.८ पी १. पी नसलेली आवृत्ती ओपनबीएसडीसाठीच आहे, ती लिनक्सवर बसत नाही. गठ्ठा जेमतेम दोन एमबीचा असतो. त्याच्याबरोबर त्याच नावाची, शेवटी एएससी असलेली छोटी फाईल मिळते. ती बनवणाऱ्यांची सही होय. त्यांची जाहीर किल्ली एकदा आणून जीपीजी या प्रोग्रामने सही तपासून घ्यावी. आकडेमोडीचा ठसाही प्रसिद्ध केलेला असतो. येथे नवख्याची हमखास फसगत होते. त्यांनी छापलेला ठसा बेस-६४ या लिपीत असतो आणि आपल्या मशीनवरची नेहमीची आज्ञा तो सोळा चिन्हांच्या लिपीत दाखवते. दोन्ही जुळत नाहीत म्हणून माणूस घाबरतो. एकाच थानाचे माप एकाने गजात व दुसऱ्याने मीटरमध्ये सांगावे, तसे ते आहे. रूपांतर करून मग ताडावे.

ही तपासणी केवळ उपचार नव्हे. मार्च २०२४ मध्ये काय घडले ते पाहा. एक्सझेड नावाचे फाईल दाबून लहान करण्याचे छोटे साधन आहे, तेही असेच खुले. त्याच्या सांभाळकर्त्याचा एतबार दोन-अडीच वर्षे गोड बोलून व काम करून एकाने कमावला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्यातली मेख अशी की सर्वांना वाचायला ठेवलेल्या मूळ लेखनात तो चालू करणारी ओळ नव्हतीच. ती फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती. नमुन्याचा तुकडा चोख आणि गाठोड्यात माल भलताच, हा प्रकार आपल्या धंद्यात कोणाला समजावून सांगायला नको. डेबियन, फेडोरासारख्या काही लिनक्समध्ये ओपनएसएसएचला जोडलेल्या एका वाढीव भागातून हे साधन आत येत होते. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने मागे लागून मूळ शोधले आणि २९ मार्चला जाहीर केले. ज्यांनी ओपनएसएसएच मुळातून, त्या वाढीव भागाशिवाय घडवले होते, त्यांच्या दरवाजापर्यंत हा चोर पोहोचत नव्हता. पण या चोराच्या गठ्ठ्यावर सही खरीच होती, हेही ध्यानात घ्यावे. सहीवरून माल कोणी पाठवला ते कळते, माल चांगला आहे हे कळत नाही.

माल आला, आता अवजारे. लिनक्सवर सी भाषेचा कंपायलर, ‘मेक’ हा प्रोग्राम, आणि तीन ग्रंथालयांच्या ‘डेव्ह’ आवृत्त्या लागतात: झेडलिब, ओपनएसएसएल आणि पॅम. ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यानंतरचे हवे. फार जुन्या मशीनवर ते नसते. तेथे ओपनएसएसएलशिवाय घडवण्याचीही सोय आहे. मोजक्याच प्रकारच्या किल्ल्या मिळतात, पण ईडी-२५५१९ ही आजची चांगली जात त्यात आहे आणि दुकानाला तेवढी पुरते.

गठ्ठा ‘टार’ने उघडून आतल्या फोल्डरमध्ये जावे आणि ‘कॉन्फिगर’ चालवावे. हा शिंप्याचा फीत घेऊन अंगाचे माप घेण्याचा टप्पा. तो तुमच्या मशीनमध्ये काय आहे, काय नाही याची शेकडो ओळींची तपासणी करतो. काही सांगितले नाही तर माल ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या कप्प्यात बसवायचे ठरवतो. ते तसेच राहू द्यावे. लिनक्सच्या स्वतःच्या जागेवर नवे टाकले तर पुढच्या अपडेटला कोणाचे कोणावर चढेल सांगता येत नाही. मात्र ‘विथ पॅम’ हा पर्याय आवर्जून द्यावा. का ते पुढे येईल. शेवटी एक तक्ता पडद्यावर येतो, त्यात पॅमसमोर ‘येस’ आहे की ‘नो’ हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग ‘मेक’. हा कापण्या-शिवण्याचा टप्पा. साध्या मशीनवर चहाचा पेला संपेपर्यंत होतो. ‘मेक टेस्ट्स’ने घडलेला माल तपासता येतो, त्याला जास्त वेळ लागतो, पण लागू द्यावा. त्यानंतर मुख्य अधिकाराने ‘मेक इन्स्टॉल’. त्याआधी दोन गोष्टी मशीनवर आहेत ना पाहाव्यात: ‘एसएसएचडी’ नावाचा बिनअधिकाराचा वापरकर्ता, आणि ‘व्हार’मध्ये ‘एम्प्टी’ नावाची रिकामी जागा, जिच्यात मुख्य अधिकाऱ्याखेरीज कोणाला लिहिता येणार नाही. बाहेरून आलेल्याची ओळख पटेपर्यंत त्याला या रिकाम्या खोलीत बसवतात. तेथे चोरायला काही नसते. ९.८ मध्ये मुख्य प्रोग्रामचेही दोन तुकडे केले, दारावर बसणारा वेगळा आणि आलेल्याशी बोलणारा वेगळा. म्हणून एका मशीनवरची एकच फाईल पेनड्राइव्हवर उचलून दुसऱ्यावर टाकायची जुनी सवय आता चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो, कारण येथेच मी तोंडघशी पडलो. जुने कुलूप चालू असताना नवे दुसऱ्या दरवाजावर, समजा २२२२ क्रमांकावर, चालू करून पाहायचे असते. नव्या सेटिंगच्या फाईलीत तो क्रमांक लिहावा आणि मशीनच्या जुन्या ओळख-किल्ल्यांचा पत्ताही तेथेच द्यावा. नाहीतर नव्या किल्ल्या वापरल्या जातात, आणि मूळ क्रमांकावर आल्यावर प्रत्येकाच्या पडद्यावर ‘समोरचे मशीन बदलले आहे, कोणी तोतया असेल’ असा मोठा इशारा येतो. इशारा योग्यच असतो. पण तो खोटा आहे म्हणून धुडकावण्याची सवय एकदा नोकरांना लागली की खऱ्या वेळी तो कोणी वाचत नाही. सेटिंगची फाईल बरोबर आहे की नाही हे ‘एसएसएचडी’ला टी हा पर्याय देऊन कळते. प्रोग्राम नेहमी पूर्ण पत्त्याने सुरू करावा, नुसत्या नावाने तो उठत नाही.

मी हे सर्व केले. उल्हासनगरच्या दुकानातून बदलापूरच्या मशीनवर माझ्या नावाने २२२२ वरून शिरलो, ठीक चालले. लगेच जुने बंद करून नवे २२ वर आणले आणि निश्चिंत झालो. संध्याकाळी मुनीमजींचा फोन, ‘शेठ, आत घेत नाही.’ त्यांची किल्ली बरोबर, फाईलींचे अधिकार बरोबर, तरी नकार. पॅम न देता मी माल घडवला होता. मुनीमजींच्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नव्हता, फक्त किल्ली होती. लिनक्समध्ये अशा खात्यासमोर पासवर्डच्या जागी उद्गारचिन्ह असते. पॅमशिवाय घडवलेले ओपनएसएसएच त्याचा अर्थ ‘खाते बंद’ असा घेते आणि खरी किल्लीही नाकारते. माझ्या खात्याला पासवर्ड होता म्हणून मला ते कळलेच नाही. घाईत मी दुसरी चूक केली. सेटिंग बदलता बदलता नवेही बंद पाडले, आणि माझी उघडी खिडकी तर आधीच मिटलेली. मग काय, भर पावसात उल्हासनगर स्टेशनवरून बदलापूर लोकल, आणि गोदामात जाऊन मशीनसमोर बसणे. तेव्हापासून माझे दोन नियम. उघडी असलेली जुनी खिडकी सर्व पक्के होईपर्यंत मिटायची नाही, कारण कुलूप बदलले तरी आधी आत बसलेला आतच राहतो. आणि चाचणी फक्त मालकाच्या नावाने नव्हे, प्रत्येक माणसाच्या नावाने करायची.

मशीन बंद होऊन सुरू झाले की नवे कुलूप आपोआप उठावे म्हणून सिस्टमडीच्या फाईलीत त्याचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. जुन्या फाईलीची नक्कल केली असेल आणि तिच्यात ‘नोटिफाय’ असे लिहिले असेल, तर ९.८ च्या आधीची मुळातून घडवलेली आवृत्ती सिस्टमडीला ‘मी तयार आहे’ असे कळवत नाही. मग थोड्या वेळाने तो तिला बंद करून टाकतो. ९.८ पासून ही सोय मुळातच आली आहे.

किल्ली बनवण्यासाठी ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा. प्रत्येक माणसाला त्याची स्वतंत्र किल्ली, आणि किल्लीवर परवलीचे वाक्य. एक किल्ली चौघांत वाटली तर नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली काढता येत नाही. सर्वांच्या किल्ल्या चालत आहेत असे दिसले की सेटिंगमध्ये पासवर्डने प्रवेश बंद, मुख्य अधिकाऱ्याचा थेट प्रवेश बंद. किबोर्डवरून प्रश्नोत्तराचा एक तिसरा मार्ग असतो, पॅम असल्यास तोही बंद करावा, नाहीतर पासवर्ड मागच्या दाराने परत येतो.

हिशेबाचा प्रोग्राम विंडोजवर असला तरी हे उपयोगी आहे. गोदामातले लिनक्स मशीन दारावर बसते, आणि त्याच्यातून विंडोज मशीनपर्यंत एसएसएचचा बोगदा काढता येतो. गाडी पारसिकच्या बोगद्यातून जाते तेव्हा आत कोण बसले आहे ते डोंगरावरून दिसत नाही, तसेच. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा दरवाजा मग इंटरनेटवर उघडा ठेवावा लागत नाही, तो राउटरमधून लगेच बंद करावा. बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, तेथे बाहेरून शिरताच येत नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्यावा, किंवा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत गोदामानेच उलटा बोगदा काढावा.

याच वाटेने ‘आरसिंक’ लावून रोज रात्री वह्यांची नक्कल दुसऱ्या गावी पाठवता येते. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पाण्याने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, तेव्हा तळमजल्यावरच्या किती गाळ्यांत पाणी शिरले ते आपण पाहिले. नक्कल अंबरनाथला असेल तर बदलापूरचे मशीन बुडाले तरी उधारी बुडत नाही.

स्वतः घडवणाऱ्यावर एक ओझे कायम राहते. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीने ओपनएसएसएचमधील मोठा दोष जाहीर केला. ८.५ पासून ९.८ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता. २००६ साली बुजवलेलेच भोक २०२० मधील एका बदलाने पुन्हा उघडले होते. ज्यांच्याकडे लिनक्सचे तयार पॅकेज होते, त्यांच्या मशीनवर दुरुस्ती आपोआप आली. पॅकेजवाले बहुधा आवृत्तीचा जुना क्रमांक तसाच ठेवून आत ठिगळ लावतात, म्हणून नुसता क्रमांक पाहून घाबरू नये. स्वतः घडवणाऱ्याकडे मात्र कोणी ठिगळ घेऊन येत नाही. त्याला पुन्हा गठ्ठा आणावा लागतो, पुन्हा ‘कॉन्फिगर’, पुन्हा ‘मेक’. मी महिन्यातून एकदा, जीएसटीचे कागद काढतो त्याच दिवशी, नवी आवृत्ती आली का ते पाहतो.

‘कॉन्फिगर’ला कोणते पर्याय दिले होते ते सहा महिन्यांनी आठवत नाही. मी ते एका कागदावर लिहून गल्ल्याच्या खणात ठेवले आहेत. त्याच कागदावर मशीनच्या ओळख-किल्लीचा ठसा आहे, म्हणजे नवा माणूस पहिल्यांदा जोडताना पडद्यावरचा ठसा त्याच्याशी ताडून मगच ‘येस’ म्हणतो. आणि चाचणीसाठी उघडलेला २२२२ चा दरवाजा काम झाल्यावर बंद केला का, हेही एकदा पाहून घ्यावे. माझा तीन आठवडे उघडाच होता.